काळीवर वसलेले गाव आणि मागे राहिलेली पांढरी

पूर्णाकाठ

सर्वांना नमस्कार.

येत्या अक्षय तृतीयेला, आमच्या बोलीत आखजीला, आमचे जुने घर उतरवायला घेतले त्याला एक वर्ष होईल. बुलडाणा जिल्ह्यात, घाटाखाली, पूर्णेच्या काठावर आमचे गाव होते. ‘आहे’च्या जागी ‘होते’ लिहिण्याची सवय मी या वर्षभरात प्रयत्नपूर्वक लावून घेतली आहे. धरणाच्या बुडितात गाव जाणार, हे मी कॉलेजात असल्यापासून ऐकत होतो. त्यामुळे कित्येक वर्षांत गावात कोणी नवे घर बांधले नाही, धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, माती टाकायची तीही पुढच्या पावसाळ्यापुरतीच टाकली जाई. आणि तरीही गाव खरोखरच उठेल, यावर कोणाचा पुरता विश्वास बसलेला नव्हता.

उतरवण्याचे काम आठ दिवस चालले. सागाचे खांब, तुळया, दारांच्या चौकटी, कोनाड्यातली फळी, सगळ्यांवर खडूने आकडे घालून ठेवले, कारण नव्या घरात त्या वस्तू त्याच क्रमाने लागतील, असे तेव्हा मला वाटत होते. धाब्याची माती खाली ओढली तेव्हा तिच्या कापात थर स्पष्ट दिसत होते; दर उन्हाळ्यात आजोबांनी, मग वडिलांनी, मग मी टाकलेल्या मातीचा प्रत्येकी एकेक पापुद्रा. त्याच दिवशी संध्याकाळी पलीकडच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी, म्हणजे पाऊसपाण्याचे भाकीत सांगणारी मांडणी, होती. आमची माय दर आखजीला दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायची, की मांडणीत पावसाचे काय निघाले. त्या वर्षीही तिने विचारले. आमची चार एकर काळी तोवर संपादनात गेली होती आणि पेरायला वावर उरले नव्हते, पण मी तिला तसे बोललो नाही. चार महिन्यांत पाऊस कसा आहे, तेवढे सांगितले आणि तिने ते नेहमीसारखेच लक्ष देऊन ऐकून घेतले.

मी शाळेत मराठी शिकवतो. ‘काळी’ आणि ‘पांढरी’ हे शब्द मी मुलांना अनेकदा समजावून सांगितले आहेत: पीक देते ती काळी आणि गाव वसते ती पांढरी. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ मात्र मला या वर्षी कळला. पांढरी कोठे आयती मिळत नाही. चुलीतली राख, शेण, सारवणाचे पोपडे, पडलेल्या भिंतींची माती, जळणाचा चुरा, माणसांच्या आणि जनावरांच्या राबत्यातून पडलेले सारे काही एकावर एक बसत जाते आणि त्यातून ती तयार होते. म्हणूनच आपल्याकडची जुनी गावे शिवारापेक्षा थोडी उंचावर, टेकाडासारखी दिसतात. आमचे नवे गावठाण ज्या जमिनीवर आखले गेले, तिथे आदल्या हंगामापर्यंत कपाशी आणि तूर उभी होती. रस्ते सरळ आहेत, नाल्या आहेत, विजेचे खांब आहेत, शाळेची इमारत जुन्या शाळेपेक्षा चांगली आहे. पण गाव काळीवर वसले आहे. पहिल्या पावसात अंगणात पाऊल टाकले की चपलेला शेरभर चिखल चिकटत असे, आणि दिवाळीनंतर जमीन फाटू लागली तेव्हा त्या भेगांत हात मनगटापर्यंत जात असे.

घरांच्या भूखंडांसाठी चिठ्ठ्या काढल्या होत्या. त्यात अन्याय असा काही नव्हता, सर्वांनी संमतीने काढल्या. परंतु आमच्या जुन्या गल्लीतली अकरा घरे आता चार वेगवेगळ्या ओळींत विखुरली आहेत. मायची मैत्रीण, जिच्याशी ती पन्नास वर्षे भिंतीपलीकडून बोलत होती, ती आता गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. माय दुपारी तिच्याकडे जायला निघे आणि सगळी घरे एकसारखी असल्यामुळे चुकून भलत्याच दारात जाई. मग तिने जाणे कमी केले.

आमच्याकडे खारे पाणी. तुरीची डाळ त्या पाण्यात तासन्‌तास रटरटली तरी दाणा दाणाच राहतो, म्हणून प्रत्येक घरात डाळीच्या पाण्याची एक घागर निराळी असे आणि ती लांबच्या गोड्या विहिरीवरून आणली जाई. त्या घागरीला दुसऱ्या कामासाठी हात लावलेला मायला खपत नसे. नव्या गावात नळाला गोडे पाणी आहे. तरीही ती सकाळी नळाखाली पहिली घागर भरून झाकून ठेवी आणि डाळ त्याच घागरीतल्या पाण्याची शिजवी. बैल आम्ही उन्हाळ्यातच विकले होते, कारण वावर नव्हते आणि भूखंडात कोठ्यापुरती जागा नव्हती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदशेकणीच्या वेळेला, मी शाळेतून आलो तेव्हा ती लोण्यात हळद कालवून वाटी हातात घेऊन मागच्या अंगणात उभी होती. ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे म्हणून आम्ही बैलांचे खांदे शेकतो. तिने त्या संध्याकाळी ते म्हटले की नाही, हे मला माहीत नाही. मी दारातूनच मागे फिरलो.

कार्तिकात माय गेली. थोड्या दिवसांचा ताप होता, वय शहात्तर होते. पहाटे घरात रडणे सुरू झाले, तेव्हा माझ्या लक्षात आले की बाहेर कोणीच उठलेले नाही. जुन्या गल्लीत रडण्याचा आवाज हाच निरोप असे. पाच मिनिटांत ओसरी भरली असती. इथे मला फोन घेऊन एकेकाला कळवावे लागले. माणसे आली, सगळी आली, तेरवीलाही चारही ओळींतून आली, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मला आठवतो तो मधला अर्धा तास. राख आम्ही पूर्णेतच सोडली. पूर्णा पुढे चांगदेवजवळ तापीला मिळते.

जुने घर सोडताना मायने चुलीच्या कोपऱ्यातली टोपलेभर पांढरी आणली होती. जुन्या अंगणातल्या कडुनिंबाखाली आपोआप उगवलेले वीतभर रोपही तिने आणले आणि नव्या घराच्या मागच्या भिंतीपासून दोन हातांवर खड्डा करून, त्यात ती पांढरी घालून ते लावले. सगळ्या भूखंडावर पांढरी आहे ती तेवढीच. रोप आता माझ्या छातीपर्यंत आले आहे. या उन्हाळ्यात त्याच मागच्या भिंतीला जोत्यापासून खिडकीपर्यंत तिरपी भेग पडली आहे.

हे सारे लिहिण्याचे कारण असे, की विदर्भात गाव उठण्याचा अनुभव आमच्या एकट्याचा नाही. ज्यांचे गाव पूर्वी हलले आहे त्यांना मला विचारायचे आहे, की नव्या जागेला ‘गाव’ म्हणताना जीभ अडखळेनाशी केव्हा झाली?

सातबारा

गुरुजी, आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार पोहोचावा.

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे. संपादनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. घरांची, विहिरींची, झाडांची मोजणी करून जी पत्रके भरली जात, त्यांतली कित्येक माझ्या हस्ताक्षरातली असतील. भूसंपादनाचा जुना कायदा १८९४ चा होता. त्यात १९८४ च्या दुरुस्तीनंतर बाजारभावाने येणाऱ्या मोबदल्यावर ३० टक्के दिलासा रक्कम मिळत असे. २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात दिलासा रक्कम १०० टक्के झाली आणि ग्रामीण भागासाठी बाजारभावाला गुणांक आला, म्हणजे तो भाव ठरावीक पटीने धरला जाऊ लागला. ज्यांनी दोन्ही कायद्यांखालचे निवाडे पाहिले आहेत, त्यांना हा फरक किती मोठा आहे ते ठाऊक आहे, आणि तो लोकांनी दीर्घकाळ झगडून मिळवलेला आहे, हेही सांगितले पाहिजे.

परंतु आपण धाब्याच्या मातीच्या थरांबद्दल लिहिलेत, त्यावर मी बराच वेळ थांबलो. आमच्या पत्रकात धाब्याच्या घराचे क्षेत्रफळ, भिंतीचा प्रकार, लाकडाचा प्रकार आणि बांधकामाचे वय असे रकाने असत. वय वाढले की घसारा वाढे आणि किंमत उतरे. तीन पिढ्यांनी दरवर्षी माती टाकून जे घर टिकवले, ते आमच्या हिशेबात तेवढ्याच कारणाने स्वस्त होत गेले. अंगणातल्या कडुनिंबाचे मूल्य खोडाचा घेर मोजून, लाकूड म्हणून धरले जाई. मी नियमाप्रमाणेच काम केले आणि दुसरी रीत मला आजही सुचत नाही. तरी एका गावात एका आजीने मला विचारले होते, की ‘साहेब, सावली कोणत्या रकान्यात लिहिली?’ त्या वेळी मी तिला उत्तर दिले नाही, पुढच्या घराकडे निघून गेलो. आपला लेख वाचून ते आठवले, म्हणून लिहिले.

शेततळे

गुरुजी, मी शेगाव तालुक्यातला शेतकरी आहे आणि आपल्या दुःखाबद्दल मनापासून आदर ठेवून थोडे वेगळे लिहितो.

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही अंगांनी खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखाली खारे पाणी असलेला पट्टा, पसरला आहे, हे बाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. आमच्याकडे विहीर खणली तरी तिच्यावर ओलीत करता येत नाही. ते पाणी दोन-तीन वर्षे दिले की क्षारांनी जमीन घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि पुढे पावसाचे पीकही जोर धरत नाही. म्हणून पावसावर कपाशी, तूर, मूग, आणि जमिनीतल्या ओलीवर जमला तर हरभरा, यापलीकडे आमचा हात पोहोचत नाही. मी शेततळे केले आहे, पण जानेवारीनंतर त्यात तळच दिसतो. आपल्या मातोश्रींची डाळीची घागर वाचली आणि मला माझी आई दिसली. तिने ती घागर डोक्यावरून आयुष्यभर वाहिली आणि तिची मान आता वर होत नाही.

पूर्णेचे गोडे पाणी कालव्याने किंवा उपशाने वावरात यावे, म्हणून आमच्या दोन पिढ्यांनी वाट पाहिली आहे. आपले गाव गेले त्यातून आमच्याकडे पाणी येणार आहे, याची जाणीव आम्हाला असली पाहिजे आणि ती पुरेशी नाही, हे मी कबूल करतो. पण धरण झालेच नसते तर बरे, असा सूर या चर्चेत कोणी लावला तर मला तो मान्य होणार नाही.

पूर्णाकाठ

शेततळे भाऊ, आपण स्पष्ट लिहिलेत हे फार चांगले केलेत. तसा सूर माझा नाही. मायही कधी तसे बोलली नाही. गाव उठणार म्हणून बायका रडत होत्या तेव्हा ती म्हणाली होती, की खालच्या गावच्या लेकीबाळींची तरी घागर सुटेल. तिचे हे वाक्य मी मूळ लेखात लिहायला हवे होते. मला फक्त एवढेच वाटते, की आपल्या वावरात पाणी येईल त्या दिवशी ते कोणत्या गावांवरून आले, त्या गावांची नावे तुमच्या मुलांना माहीत असावीत.

शेततळे

हे मात्र करीन, गुरुजी. आमच्या शाळेच्या भिंतीवर ती नावे लिहून घेण्याचा विषय ग्रामसभेत मांडतो.

कवेलू

भाऊ, मी भंडारा जिल्ह्यातली, पवनी तालुक्यातली. आमच्या वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. माझे लग्न झाले, मुले झाली आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी माझे माहेर हलले. म्हणजे गाव जाणार, हे मनात धरूनच आम्ही लहानाचे मोठे झालो.

आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बायकांकडे थोडे वेगळे असते. लग्न झाले की आम्ही एकदा गाव सोडतोच, आणि तरीही ‘आमच्या गावाला’ असे म्हणतो तेव्हा माहेरच मनात असते. सासरच्या गावाला माझे गाव म्हणायला मला किती वर्षे लागली, ते मी मोजलेले नाही. पण थोरल्या मुलीला शाळेत घातले त्या सुमारास केव्हातरी तसे झाले असावे. माहेर नव्या जागी गेले तेव्हा मात्र मी फार चिडले होते. माझ्यासाठी ते न बदलता राहायला हवे होते. दिवाळीला पहिल्यांदा नव्या गावठाणात गेले तर बसथांब्यावरून घर सापडेना. माझ्याच भावाचे घर मी दुसऱ्यांना विचारत गेले. आमच्याकडचे घर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर कवेलू, म्हणजे कौले. दरवर्षी मिरगाआधी कवेलू फेरायचे, म्हणजे फुटके काढून पुन्हा नीट लावायचे, हे काम वडील आणि भाऊ करीत आणि मी खालून एकेक हातात देत असे. नव्या घरावर सिमेंटचे छत आले आणि ते काम संपले. भावाने जुने कवेलू टाकले नव्हते. न्हाणीमागे रचून ठेवले होते आणि वहिनीने त्यांच्या आडोशाने अळू लावले होते. त्या अळूच्या पानांच्या वड्या मी खाल्ल्या, तेव्हा पहिल्यांदा तिथे रात्री नीट झोप लागली. यापेक्षा मोठे कारण मला सांगता येणार नाही.

आखजीला मातोश्रींच्या नावाने घागर भरालच. ती त्यांच्या डाळीच्या घागरीतल्या पाण्याने भरावी, असे मला वाटते.

मुरूम

मी बांधकामाच्या क्षेत्रात आहे आणि गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. बाकीच्या गोष्टींवर बोलण्याचा माझा अधिकार नाही, भिंतीच्या भेगेबद्दल मात्र लिहितो, कारण ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. घर उभे राहिल्यावर जोत्याखालची माती एका बाजूला ओली आणि दुसऱ्या बाजूला कोरडी राहिली, तर एक कोपरा खचतो किंवा उचलला जातो आणि भिंतीला अशी तिरपी भेग जाते. जुन्या पांढरीच्या मातीत हा दोष फार कमी असतो, म्हणून तिथे उथळ पायावरही घरे टिकली. नव्या गावठाणात पाया पुरेसा खोल नेऊन, काळी माती काढून टाकून मुरूम भरून ठोकणे आवश्यक असते. ते आता होणार नाही, पण पुढील गोष्टी करता येतील. घराभोवती किमान चार फूट रुंदीची फरसबंदी बाहेर उतार देऊन करावी, म्हणजे छताचे आणि न्हाणीचे पाणी जोत्याशी मुरणार नाही. भेग लगेच बुजवू नये. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने तारखा घालून एक पावसाळा ती वाढते का, ते पाहावे.

आता जे लिहितो ते लिहिणे अवघड आहे. भिंतीपासून दोन हातांवर कडुनिंब राहिला, तर तो मोठा होईल तशी त्याची मुळे जोत्याखालची ओल उन्हाळ्यात ओढून घेतील आणि ती बाजू अधिक आकसेल. काळ्या मातीत झाड पुढे जितके उंच होणार, साधारण तितके अंतर भिंतीपासून असावे, असा आमच्याकडे ठोकताळा आहे. आजची भेग त्या रोपामुळे पडलेली नाही, ते अजून लहान आहे. पण पाच-सात वर्षांनी तुम्हाला झाड किंवा भिंत यांपैकी एक निवडावे लागेल. आज ते हलवता येईल, तेव्हा हलवता येणार नाही.

कवेलू

मुरूम भाऊ म्हणतात ते खरे आहे, आणि रोप हलवता येते. पाऊस नीट लागून जमीन आतपर्यंत भिजली की काढा, त्याआधी नको. बुडाभोवती हातभर अंतर ठेवून गोल खणा आणि मातीचा गोळा फुटू देऊ नका. कडुनिंबाचे मुख्य मूळ सरळ खाली जाते, ते जितके खोलवर मिळेल तितके घ्या. ओल्या पोत्यात गोळा बांधूनच उचला. थोडी पाने खुडून टाका, म्हणजे रोप कोमेजणार नाही. मातोश्रींनी घातलेली पांढरी त्या गोळ्यातच येईल.

पूर्णाकाठ

मुरूम भाऊ, आपला प्रतिसाद मी त्या रात्री तीनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी काहीच केले नाही. काल सकाळी टेप घेऊन मागे गेलो. भिंतीपासून मागच्या हद्दीपर्यंत बावीस फूट भरतात. कडुनिंबाच्या उंचीपुढे ते कमीच आहेत, पण याहून लांब माझ्या भूखंडात जागा नाही, आणि हद्दीवर लावायचे तर पलीकडच्या घराला विचारणे भाग होते.

पलीकडे जे कुटुंब आहे ते आमच्या गावचेच, परंतु नदीच्या बाजूच्या वस्तीतले. जुन्या गावात त्यांचा आमचा बोलण्याइतका संबंध आला नव्हता आणि या वर्षभरातही मी त्यांच्याकडे कधी गेलो नव्हतो. काल गेलो. त्यांच्या घरातल्या आजींनी सगळे ऐकून घेतले आणि त्यांच्या बाजूला भिंत किती लांब आहे ते मुलाला मोजायला लावले. ती तीस फुटांवर निघाली. मग त्या म्हणाल्या, की दुपारनंतरची सावली आमच्या अंगणात येईल, तेव्हा झाड तुमचे असले तरी पाणी दोन्ही घरांनी घालायचे. त्यांचेही बैल गेल्या उन्हाळ्यातच गेले आहेत.

भेगेच्या दोन्ही टोकांना मी कालची तारीख घातली आहे. आखजीला घागर मायच्या डाळीच्या पाण्याने भरणार आहे. मृग लागून जमीन चांगली भिजली, की रविवार बघून खड्डा खणायचा, असे पलीकडच्या मुलाशी ठरले आहे. पोते आणि पहार त्याच्याकडे आहे.